कानांनीं वाचलेला इतिहास

गेल्या कांहीं महिन्यांत तीन जुनीं मराठी पुस्तकें आमच्या हातीं पुन्हां आलीं: म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. सुशिक्षित मराठी घरांत यांपैकीं एकादें तरी कपाटांत असतेंच. तेव्हां तीं वाचलीं यांत सांगण्यासारखें विशेष कांहीं नाहीं. विशेष आहे तें एवढेंच कीं, या खेपेस तीं आम्हीं कांहीं डोळ्यांनीं वाचलीं व कांहीं कानांनीं ऐकलीं. ज्यांना हल्लीं ऑडिओबुक म्हणतात त्यांचा प्रवेश आमच्या घरांत तरुण मंडळींनीं केला, आणि वयोमानानें डोळे लवकर शिणूं लागल्यामुळें आम्हीही त्यांचा आश्रय केला. दोन प्रकारें घेतलेल्या या वाचनाचा मनावर उमटलेला ठसा सारखा नव्हता. तो कां नव्हता, याचा विचार करूं लागतांच प्रश्न आमच्या आवडीनिवडीचा न राहतां इतिहासाचा झाला.

आमचे कांहीं विद्वान् स्नेही विचारतात कीं, ऐकलेल्या पुस्तकाला वाचलेलें म्हणावें काय? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. किंबहुना तो उलटा विचारला जात आहे. आमच्या भाषेच्या सात-आठ शतकांच्या वाङ्मयेतिहासांत पुस्तक म्हणजे एकानें मोठ्यानें वाचावयाची व अनेकांनीं ऐकावयाची वस्तु, हीच व्यवस्था बहुतेक काळ चालूं होती. समर्थांनीं ‘दासबोधां’त नवविधा भक्तीचें निरूपण केलें तेव्हां पहिला समास श्रवणाचा आहे, वाचनाचा नाहीं. श्रीधरांचा ‘हरिविजय’ १७०२ सालचा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा आणि ‘शिवलीलामृत’ १७१८ चें. हे ग्रंथ छापखाना यावयाच्या आधीं शंभर वर्षें महाराष्ट्राच्या घरोघरीं पसरले ते वाचकांच्या बळावर नव्हे, श्रोत्यांच्या बळावर. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिला कर्णाच्या जन्मापासून अंतापर्यंतचा वृत्तांत ठाऊक असे. तिला निरक्षर म्हणतां येईल, अपठित म्हणतां येईल. परंतु अडाणी म्हणतां येणार नाहीं. १९०१ सालच्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपासच भरलें होतें. राहिलेल्या ९५ लोकांपर्यंत ग्रंथ पोंचला असेल तर तो कानाच्याच वाटेनें.

याला एक साधें, यांत्रिक म्हणतां येईल असें कारणही होतें. जुनी पोथी उघडून पाहिली असतां शब्दाशब्दांत अंतर सोडलेलें आढळत नाहीं. ओळ अखंड चालते. मोडी लिहिणारा कारकूनही आधीं रेघ ओढून घेई व तिला अक्षरें लटकावीत जाई. शब्द कोठें संपला हें वाचणारानें ओळखावयाचें. अशी ओळ नुसत्या नजरेनें फुटत नाहीं. ती ओठांवर घ्यावी लागते, आणि ओठांवर घेतली म्हणजे शेजारी बसलेल्याला ती ऐकूं जातेच. यूरोपांतल्या प्राचीन लॅटिन पोथ्यांची स्थिति अशीच होती. संत ऑगस्टिन इ. स. ३८४ मध्यें मिलान शहरीं आले, तेव्हां तेथील बिशप अँब्रोज हे ओठ न हलवितां वाचीत असतात हें पाहून त्यांना एवढें नवल वाटलें कीं, पुढें आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं तें आवर्जून नमूद केलें. प्राचीनांस मूक वाचन अगदींच अज्ञात होतें असें अलीकडचे पंडित मानीत नाहींत. परंतु तें नित्याचें नव्हतें, एवढें या आश्चर्यावरून दिसतें. शब्द सुटे करून छापणाऱ्या यंत्रानें आमच्याकडे ही वहिवाट मोडली. तीही एकदम नव्हे. ‘केसरी’ १८८१ सालीं निघाला तो खेडोपाडीं एकानें वाचावा व दहांनीं ऐकावा, याच रीतीनें बराच काळ चालला.

गोमंतकांतलें एक उदाहरण येथें मननीय आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्याचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. छापील असूनही तें पुराणच होतें, व त्याची रचनाही ओंवीची. नव्या ख्रिस्ती मंडळींना पुराणश्रवणाची संवय होती व तिच्यावांचून त्यांना चुकल्याचुकल्यासारखें होत होतें, हें त्या चतुर परदेशस्थानें ओळखलें. धर्म बदलला तरी कानाची भूक बदलत नाहीं, हें त्याला कळलें होतें.

ज्या यंत्राला आपण नवें म्हणतों त्याचा हेतुही फारसा नवा नाहीं. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या भावी उपयोगांची जी यादी त्यानें प्रसिद्ध केली तींत अंधांसाठीं बोलक्या पुस्तकांना अगदीं वरचें स्थान होतें. हा मनोदय अमेरिकेंत १९३४ सालीं व इंग्लंडांत १९३५ सालीं प्रत्यक्षांत आला. इंग्लंडांतील उपक्रमाच्या मुळाशीं पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांची चिंता होती. पुढें तबकडी गेली, फीत आली, फीतही गेली, आणि आज सबंध ग्रंथालय खिशांतल्या मोबाईलांत मावूं लागलें. अंधांसाठीं निघालेली सोय डोळसांच्याही उपयोगीं पडली. परंतु पुराणिकापुढें श्रोत्यांचा मेळा असे, आणि आजचा श्रोता कानांत बोंडें घालून एकटाच ऐकतो. श्रवण परत आलें. सहश्रवण आलें नाहीं. हा भेद लहान नव्हे.

असो. आतां मूळ पुस्तकांकडे वळूं.

‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथांपैकीं एक. तेराव्या शतकाच्या अखेरीचा. आम्हीं तो पूर्वीं डोळ्यांनीं वाचला तेव्हां कोश व टीपा यांचें कुंपण ओलांडतांना धाप लागली होती. यंदा एका जुन्या विद्यार्थ्यानें कांहीं लीळा स्वतः वाचून, मुद्रित करून आमच्याकडे पाठविल्या. त्याचा जन्म वऱ्हाडांतला, बोलीही तिकडचीच. जीं क्रियापदें कागदावर जुनाट भासत होतीं, तीं त्याच्या तोंडीं जिवंत झालीं. तुटक, चारपांच शब्दांचीं वाक्यें. मधेंच प्रश्न, लगेच उत्तर. हें लिहिलेलें गद्य नव्हे, टिपून घेतलेलें बोलणें आहे, हें कानाला जितक्या चटकन समजलें तितकें डोळ्याला समजलें नव्हतें.

आणि या ग्रंथाचा जन्मही तसाच आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात् म्हाइंभट हा शास्त्री पंडित त्यांच्या सहवासांत आलेल्या माणसांकडे स्वतः गेला, ज्याला जें आठवत होतें तें त्याच्या मुखानें ऐकलें, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन लिहिलें. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहींत तर त्या भेदाचीही नोंद ठेविली. आधुनिक इतिहासकार ज्याला साक्षीपुरावा म्हणतात तो या गृहस्थानें सातशें वर्षांपूर्वीं अशा चोख रीतीनें गोळा केला. पुढें मुसलमानी स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ प्रत नष्ट झाली, आणि अनुयायांनीं ग्रंथ पुन्हां उभा केला तो स्मरणांतून. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. त्यांतला एक हिराइसा नांवाच्या स्त्रीच्या स्मरणावर आधारलेला असल्यानें तिच्याच नांवानें ओळखला जातो. जो ग्रंथ कागदावरून गेला तो कानांत राहिला होता, म्हणून आज आपल्याला मिळाला. केशवराजांच्या मनांत संस्कृतांत रचना करावयाचें आलें असतां, त्यानें माझ्या म्हाताऱ्या बायकांचें नुकसान होईल, असें म्हणून नागदेवाचार्यांनीं त्यांना आवरल्याची आठवण महानुभाव परंपरेंत प्रसिद्धच आहे. त्या म्हाताऱ्या वाचणार नव्हत्या, ऐकणार होत्या. मराठी गद्याचा पाया कोणासाठीं घातला गेला, या प्रश्नाचें याहून सरळ उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

‘माझा प्रवास’ हें पुस्तक आम्हांस अधिक खोल नेऊन सोडणारें ठरलें. कुलाबा जिल्ह्यांतल्या वरसई गांवचा एक गरीब भिक्षुक घरचें कर्ज फेडण्यासाठीं दक्षिणेच्या आशेनें चुलत्याबरोबर उत्तर हिंदुस्थानाकडे निघतो, आणि वाटेंत १८५७ चें बंड त्याच्यापुढें येऊन उभें राहतें. तो वीर नव्हे, मुत्सद्दी नव्हे. त्याला कोणताही पक्ष सिद्ध करावयाचा नाहीं. झांशीला वेढा पडला तेव्हां तो शहरांत होता. एप्रिल १८५८ मध्यें इंग्रजी सैन्य आंत शिरल्यावर जी कत्तल व लूट झाली ती त्यानें लपून बसून, भुकेनें व्याकुळ होऊन पाहिली. तेथल्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, तिचें दुःख त्याला सोन्यारुप्याच्या लुटीइतकेंच, कदाचित् त्याहून अधिक झालें. पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्याला राणी लक्ष्मीबाई भेटल्या. तहानेनें जीव कासावीस झालेला असूनही त्यांनीं या ब्राह्मणाला पाणी काढूं दिलें नाहीं. स्वतः पोहरा ओढला आणि ओंजळीनें पाणी प्यायल्या. हा प्रसंग आम्हीं अनेकदां वाचला होता. यंदा तो ऐकला, आणि वाचणारा गृहस्थ क्षणभर थांबला तेव्हां दोरखंडाचा आवाजही ऐकूं आल्याचा भास झाला. डोळा अशा ठिकाणीं घाई करतो, कारण पुढें काय आहे हें त्याला दिसत असतें. कानाला पुढचें दिसत नाहीं. विष्णुभटांनाही त्या दिवशीं पुढचें दिसत नव्हतें.

या पुस्तकाची जन्मकथा लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनीं १८८३ च्या सुमारास, म्हणजे घडलेल्या गोष्टींनंतर पंचवीस वर्षांनीं, आपली हकीकत मोडींत लिहून काढली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली. परंतु जशीच्या तशी नव्हे. राज्य इंग्रजांचें होतें, विषय बंडाचा होता आणि संपादक सुशिक्षित होते. त्यांनीं भाषा सुधारली, कांहीं गाळलें, कांहीं बदललें. त्यांच्या धैर्याबद्दल व दूरदृष्टीबद्दल महाराष्ट्रानें कृतज्ञच राहिलें पाहिजे. त्यांनीं लिहवून घेतलें नसतें तर एक ओळही उरली नसती. तथापि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ति काढली, आणि साठ वर्षें ज्याला आपण गोडसे भटजींचें पुस्तक म्हणत होतों त्यांत भटजींच्या आवाजावर दुसऱ्या कोणाचा तरी आवाज चढला होता, हें तेव्हां सर्वांच्या ध्यानीं आलें. भटजींचें वाक्य लांबतें, आडवळणें घेतें, दक्षिणा किती मिळाली व जेवणांत काय होतें हें सांगण्यासाठीं मधेंच थांबतें. संपादकाला हें विषयांतर वाटलें असेल. आम्हांस तर तोच विषय वाटतो. कारण राज्यें उलथत असतां साधा मनुष्य कशाचा विचार करीत असतो, तें यांतूनच कळतें.

आतां आमची मुख्य तक्रार. ‘माझ्या प्रवासा’चें जें मुद्रण आम्हीं ऐकलें त्यांतील वाचक सुस्वर होता, उच्चार निर्दोष होते, आणि नेमका तेथेंच घोटाळा होता. तो आवाज आकाशवाणीच्या बातमीदाराचा होता. वरसईच्या भिक्षुकाचा हेल त्यांत नव्हता, कोंकणांतल्या माणसाच्या बोलण्यांतला मिस्किलपणा नव्हता, भ्यालेल्या माणसाची थरथर नव्हती. १९०७ सालीं संपादकाच्या लेखणीनें जें केलें तेंच आज वाचकाच्या कंठानें पुन्हां होत आहे. छापील पानावर निदान प्रत्येकजण आपल्या मनांत आपल्याला हवा तो आवाज बसवूं शकतो. मुद्रित आवाजानें ती मोकळीकही काढून घेतली आहे. जो आवाज हजारों लोक ऐकतील तो त्या ग्रंथाचा आवाज म्हणून रूढ होईल, आणि कांहीं वर्षांनीं गोडसे भटजी असेच बोलत असत असें मुलें समजूं लागतील. संपादनाची ही नवी तऱ्हा अधिक बळकट आहे, कारण तिला कोणी संपादन म्हणत नाहीं.

‘स्मृतिचित्रां’च्या बाबतींत याच्या उलट अनुभव आला. लक्ष्मीबाईंचें हें आत्मचरित्र ‘संजीवनी’ मासिकांतून लेखरूपानें येत गेलें व १९३४ पासून भागाभागांनीं पुस्तकरूप झालें. त्यांना शाळा अशी लाभली नाहीं. अक्षरें शिकल्या त्या लग्नानंतर पतीपाशीं. म्हणूनच कीं काय, त्यांच्या वाक्याला शाळेंतली घडी पडलेली नाहीं. आम्हीं ऐकलें तें एका प्रौढ बाईंनीं वाचलेलें होतें, आणि त्यांनीं अभिनय करण्याचा मुळींच यत्न केला नव्हता. स्वयंपाकघरांत बसून जाऊबाईंना सांगावें तसें सांगितलें होतें. परिणाम असा झाला कीं, आमच्या घरांतलीं तीन पिढ्यांचीं माणसें एकाच वेळीं हसलीं, आणि थोड्या वेळानें एकाच वेळीं गप्प झालीं. सहश्रवण अजून अगदींच अशक्य झालेलें नाहीं, अशी त्या दिवशीं आमची खातरी झाली.

हीं दोन पुस्तकें लागोपाठ ऐकल्यामुळें आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांस त्याच बंडाच्या प्रकरणांत फांशी झालें, आणि त्या धक्क्यानें त्यांच्या वडिलांस सोवळ्याचें वेड लागलें. सगळें धुवावयाचें, सगळें शुद्ध करावयाचें, आणि त्या पायीं घरांतल्या बायकामुलांचे हाल. आम्ही विद्यार्थ्यांना १८५७ शिकवितों तेव्हां मीरत, दिल्ली, कानपूर, झांशी, ग्वाल्हेर येथवर जातों आणि थांबतों. नाशिकजवळच्या एका घरांतील मोरीवर तें बंड पुढें कितीतरी वर्षें चालूं होतें, हें कोणत्याही क्रमिक पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. भटजींच्या हकीकतींतून आपल्याला बंड दिसतें. लक्ष्मीबाईंच्या बाळपणांतून बंडाची किंमत कोणीं दिली तें दिसतें. लक्ष्मीबाईंनीं हें सारें हंसत सांगितलें आहे, आणि म्हणूनच तें ऐकवत नाहीं.

एवढें श्रवणाचें माहात्म्य गाइल्यावर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत; नाहींतर आम्ही इतिहासाचे अध्यापक म्हणवून घेण्यास पात्र राहणार नाहीं. कान एका दिशेनें चालतो. मागलें पान उलटून दोन विधानें शेजारीं ठेवणें, सालांचा ताळा पाहणें, हीं डोळ्याचीं कामें होत. विष्णुभट सांगतात कीं, इंग्रजांनीं कलकत्त्यास राजेरजवाड्यांना जमवून त्यांच्यापुढें धर्म बुडविणाऱ्या कलमांची यादी ठेविली. ऐकतांना हें सहज खरें वाटतें. असा दरबार कधीं भरला नव्हता, हें समजण्यास दुसरीं पुस्तकें उघडावीं लागतात. परंतु येथेंही एक सूक्ष्म गोष्ट आहे. ती अफवा खोटी होती, पण लोकांनीं ती ऐकली होती हें खरें होतें; आणि १८५७ सालीं माणसें घराबाहेर पडलीं तीं छापील पुराव्यावर विसंबून नव्हे, कानावर आलेल्या शब्दावर विसंबून. तेव्हां घटना काय घडली हें डोळ्यानें तपासावें, आणि लोकांना काय घडलें असें वाटत होतें हें कानानें समजून घ्यावें. दोहोंपैकीं एकावरच भिस्त ठेवणारा इतिहासकार अर्धाच इतिहासकार होय. लेख अखंड चालूं असतां आवाजाचा वेग दीडपट करून ऐकण्याची जी संवय आमच्या विद्यार्थ्यांत आम्ही पाहतों, तिनें मात्र दोन्ही हेतु बुडतात. त्यांत डोळ्याची चिकित्सा नाहीं व कानाची विश्रांतिही नाहीं.

ग्रियर्सन साहेबांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं छापून निघाला. त्यांत आमच्या बोलींचे नमुने आहेत. पण अक्षरांत हेल उतरत नाहीं, हें त्या चिकाटीच्या पंडितालाही जाणवलें असलें पाहिजे, कारण पुढें १९१३ पासून त्याच सर्वेक्षणाच्या अनुषंगानें हिंदुस्थानी भाषांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या घेतल्या गेल्या. त्या काळीं एक तबकडी घेणें म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचा विषय होता. आज तें साधन प्रत्येकाच्या हातांत आहे. ज्या घरांत मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा तंजावरकडची मराठी बोलणारें वृद्ध माणूस आहे, त्या घरानें त्याला त्याच्या आवडीचें एक पुस्तक किंवा एक आठवण मोठ्यानें वाचावयास अगर सांगावयास लावावी आणि ती जतन करावी. प्रकाशकांनींही लीळा वऱ्हाडांतल्या माणसाकडून व भटजींचा प्रवास कोंकणांतल्या माणसाकडून वाचवून घ्यावा; खर्च तोच येतो. म्हाइंभटाला गांवोगांव पायीं हिंडावें लागलें, आणि तरीही त्यानें जुळत नसलेल्या दोन आठवणींतली एक आपल्या सोयीसाठीं पुसून टाकली नाहीं. आपल्याला तर शेजारच्या खोलींत जावयाचें आहे.